चिंधी बांधलेला वेल

निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात मी एका शिबिराला गेलो. विषय होता आयुष्याचं ध्येय. दोन दिवस चटईवर बसून माझी पाठ धरली. शेवटी प्रत्येकाने आयुष्यातल्या सर्वांत महत्त्वाच्या सात गोष्टी क्रमाने लिहून काढायच्या होत्या. मी इमानेइतबारे लिहिल्या. पहिलं आरोग्य, दुसरा आत्मविकास, तिसरा अनुभवाचा समाजाला उपयोग, चौथं कुटुंब, आणि असं करत करत सातवी बासरी. चौतीस वर्षं सरकारी कचेरीत काढल्यामुळे महत्त्वाचा कागद मला तसाच उघडा ठेववत नाही. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून तो लॅमिनेट करून घेतला आणि शर्टाच्या खिशात घालून हिंडू लागलो.

सुनंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, तो एकदाच वाचला. "चौथी तर चौथी. बासरीच्या वर आहे ना," असं म्हणून ती कणीक भिजवायला गेली.

तिसऱ्या क्रमांकाची सोय आपोआप झाली होती. पुण्याचे एक कंत्राटदार मला सल्लागार म्हणून बोलावत होते. आठवड्यातले पाच दिवस पुण्यात राहायचं, गाडी त्यांची, खुर्ची फिरती. हो की नाही ते मेअखेरीला कळवायचं होतं. असा मोठा निर्णय पंख्याखाली बसून होत नाही, त्याला डोंगर लागतो, असं माझ्या मनाने घेतलं. एकोणीस वर्षं आमच्या कचेरीची जीप चालवणारा किसन निवृत्तीनंतर आपल्या गावी, अकोले तालुक्यातल्या उंबरदऱ्याला राहत होता. "सायेब, एकदा या" हे त्याचं पालुपद होतंच. मी निघालो.

"मीही येते," सुनंदा म्हणाली. "भंडारदऱ्याकडे नेतो म्हणताय, त्याला सत्तावीस वर्षं झाली."

"या वेळी मला एकट्याने विचार करायचाय. पुढच्या मे महिन्यात नक्की."

"करा," ती म्हणाली आणि माझ्या पिशवीत गोड्या मसाल्याची पुडी टाकली. निवृत्तीनंतर मी मोबाईलवर बघून स्वयंपाक शिकत होतो, आणि जाईन तिथे उसळ करून दाखवायची मला खोड लागली होती. त्या पुडीने पुढे काय घडवलं, तेच आता सांगायचं आहे.

राजूर

आमच्या गावाचं नाव आता अहिल्यानगर झालं, तरी एस.टी.त तिकीट काढताना माझ्या तोंडून नगरच निघतं. प्रवासाबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की संगमनेरला मी ऐटीत चुकीच्या गाडीत बसलो आणि कंडक्टरने मला स्टँडाच्या फाटकातच सन्मानाने उतरवलं.

राजूरला किसन मोटरसायकल घेऊन उभा होता. पाव किलो पेढे घेतले. त्याच्या घरी नेण्यासाठी म्हणून घेतले होते, पण पुढ्यातला पुडा उघडाच होता आणि रस्ता वळणांचा. घरी पोचलो तेव्हा किसनच्या बायकोच्या, हौसावहिनींच्या हातात मी सहा पेढे ठेवू शकलो.

आमच्या नगरकडे जमीन कशी पसरट असते, नजर टाकली की पार दूरवर जाते. इथे नजर जाऊन डोंगराला आपटते. मे महिन्यात सगळे डोंगर वाळक्या गवताने पिवळे पडलेले आणि उतारावरच्या खाचरांत राब भाजल्याचे काळे चौकोन. भाताचं रोप टाकायच्या जागी आधी पालापाचोळा, शेण पसरून जाळतात, त्याला राब म्हणतात. पावसाळ्यात इथे आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, आणि आत्ता मात्र बायका उन्हात हंडे घेऊन दऱ्यात उतरत होत्या. नळाला एक दिवसाआड पाणी येतं म्हणून घरी मी रोज कुरकुर करतो. ती मी त्या दिवसापासून बंद केली. पुन्हा सुरू झाली, पण पंधरा दिवसांनी.

हौसावहिनींनी तांब्या पुढे केला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "बाईसायेब कुटं हायेत?"

"त्या नाही आल्या. मला जरा विचार करायचा होता."

"विचार कराया येवड्या लांब?" त्या किसनकडे वळल्या. "आवो, पावन्याला करवंदं द्या, विचाराला बरी आसत्यात."

रात्री नाचणीची भाकरी आणि हुलग्याचं कढण झालं. नाचणीची भाकरी मऊ असते आणि पोट भरल्याचं उशिरा कळवते. मी चार खाल्ल्या. जेवताना मी जाहीर केलं, की उद्याचं जेवण माझ्याकडे लागलं. वहिनी तोंडाला पदर लावून हसल्या. किसन म्हणाला, "सायेब, जीपचं चाकबी तुमी एकदा बदललं हुतं. मंग मी ते पुन्ना बदललं."

उंबरदरा, दुसरा दिवस

सकाळी ते दोघं राजूरच्या बाजाराला गेले. पावसाआधीचा मोठा बाजार, मीठ-मिरची चार महिन्यांची भरायची असते. "तांदूळ त्या डब्यात, तेल हितं," एवढं सांगून वहिनी गेल्या. मी चूल पेटवली. त्यात एक तास गेला आणि एका भुवईचा काही भाग.

मग उसळीसाठी कडधान्य शोधू लागलो. डब्यांत हुलगे होते, पण ते काल झाले होते. चुलीच्या वर, धुराने काळ्या पडलेल्या फळीवर एक लहान मडकं दिसलं. त्याच्या तोंडावर शेणामातीचं झाकण पक्कं लिंपलेलं. ते फोडायला मला कोयत्याने दहा मिनिटं लागली. कोणत्याही शहाण्या माणसाने त्या दहा मिनिटांत विचार केला असता, की एवढं कशासाठी लिंपलं असेल. मी विचार करायलाच गावाला आलो होतो, पण माझा विचार पुण्याच्या फिरत्या खुर्चीत बसला होता.

आत वाल होते, राखेत बरबटलेले. मनात म्हटलं, बिचाऱ्या, निवडायला वेळ मिळाला नसेल. चार पाण्यांनी स्वच्छ धुतले. तांबूस दाणे, त्यावर काळे टिपके आणि तोंडाशी पांढरी रेघ. असे वाल मी कधी पाहिले नव्हते. गरम पाण्यात भिजवले आणि तिघांना पुरावेत म्हणून सगळेच्या सगळे चुलीवर चढवले. गूळ, आमसूल, गोडा मसाला. खरं सांगतो, माझ्या हातची इतकी चांगली उसळ त्याआधी झाली नव्हती.

चारच्या सुमाराला दोघं दमून आली. मी ताटं वाढली आणि शेफारून बसलो. वहिनींनी पहिला घास घेतला. "चव हाय की भाऊंच्या हाताला," म्हणाल्या. दुसरा घास हातात घेतला, दाणा बोटाने उलटा केला, आणि त्यांनी मान वर करून फळीकडे पाहिलं.

"भाऊ, ह्ये वाल कुटून घेतलं?"

"त्या वरच्या मडक्यातले. राख लागली होती हो फार, चार पाण्यांनी..."

किसनचा घास तोंडापाशी थांबला. "समदं घातलं का सायेब?"

"सगळं. तिघांना पुरायला नको?"

हातातला घास ताटात परत गेला. मग किसननेच हळूहळू सांगितलं. तो त्यांच्या घरचा वाल. किसनच्या आईने हौसाबाईंच्या हातात दिलेला. बाजारात तो मिळत नाही. दर वर्षी पावसाच्या तोंडावर परसात लावायचा, त्यातला निवडून पुन्हा मडक्यात ठेवायचा. राख किडीसाठी, झाकण हवेसाठी. मडक्यात होतं ते बी होतं, आणि मिरग लागायला बारा दिवस राहिले होते.

मी ताट बाजूला सारलं. माझ्याने खाववेना.

"खावा," वहिनी म्हणाल्या. आवाज चढला नाही, हे जास्त लागलं. "शिजलंय ते आता जेवान हाय. टाकायचं न्हाई." आणि त्यांनी स्वतः ती उसळ शेवटच्या दाण्यापर्यंत खाल्ली. ताट घासायला उठल्या तेव्हा माझ्याकडे पाठ करून उठल्या.

संध्याकाळी मी किसनला ओट्यावर गाठलं. "दुसऱ्या कोणाकडे नसेल का हे बी?"

त्याने घराकडे बघून आवाज उतरवला. "एकीकडं हाय. माझी थोरली भन, ठकूआक्का. वरच्या वाडीला दिलीय. आईनं दोगींनाबी दिलं हुतं. पन त्या नंदा-भावजया चार वर्सं बोलत न्हाईत."

"का?"

"माझ्या निवृत्तीचं नगरला जेवान नव्हतं का? आक्का चारचौघांत बोलली, हौसाच्या कालवनात मीठ लई झालं."

"एवढ्यावरून?"

"सायेब, तुमी बी त्या पंगतीला हुता. तवा तुमी दोनदा पानी मागितलं."

वरची वाडी

तिसऱ्या दिवशी सकाळी वहिनींना न सांगता निघालो. किसनने मला डोंगराच्या पायथ्याला सोडलं आणि स्वतः आंब्याखाली बसला. गुडघा दुखतो म्हणाला. मग खरं बोलला, "मी संगं आलो तर आक्का दोगांनाबी हाकलील. तुमी परके हाय. परक्याला पानी तरी देती."

वाट सरळ होती, हे त्याचं म्हणणं. माझ्या मते ती उभी होती. वाळक्या गवतावरून पाय घसरतो, आणि मी कचेरीतले बूट घालून गेलो होतो. एका ठिकाणी मी बसल्या बसल्या बरंच अंतर खाली परत आलो. पॅंट गुडघ्यावर फाटून लोंबायला लागली. मग करवंदीच्या जाळीला धरून चढलो. करवंदं पिकलेली होती म्हणून दर दहा पावलांना थांबायला निमित्त मिळालं.

वर सात-आठ घरं होती. ठकूबाईंचं शेवटचं. अंगणात कोणी नव्हतं. परसात मांडव होता, त्यावर गेल्या हंगामाचे वाळलेले वेल तसेच होते. त्यातल्या चार-पाच वेलांना बुडाशी लुगड्याच्या चिंध्या बांधलेल्या. मी ओळखलं. नवस! झाडाला चिंधी बांधतात तसंच हे वेलाचं दैवत असणार. एवढ्या अपराधानंतर कोणत्याही देवाची मदत मला हवीच होती. मी बूट काढले, हात जोडले, खिशातला रुमाल काढून एका वेलाला गाठ मारली आणि डोळे मिटून म्हणालो, "एवढ्या वेळी सांभाळ."

"कोन हाय रं? काय करतोय माझ्या मांडवाला?"

सत्तरीच्या पुढची, काटक बाई, हातात खराटा. मी डोळे उघडले. "नवस बोलतोय, आक्का."

"कशाला?"

"वालाला."

त्यांनी आधी माझ्या रुमालाकडे पाहिलं, मग फाटक्या पॅंटीकडे, आणि खराटा टेकून इतक्या हसल्या की शेजारची बाई बघायला आली. "आगं बघ, शेरातला मानूस माझ्या वालाच्या पाया पडतोय!"

हसू सरल्यावर त्यांनी पाणी दिलं आणि समजावलं. "ही नवसाची न्हाई बाबा. वेल फुलाया लागला की आपन बगायचं, कोनता वेल निरोगी, कोनता दमाचा. त्याला आदी चिंधी बांधायची. मंग घरात कोनीबी आसो, पावना येवो, जावई येवो, त्या वेलाची शेंग तोडायची न्हाई. किती बी कवळी दिसू दे. ती बियाची. बाकीचा मांडव खावा की खुशाल."

"आणि चिंधी बांधलीच नाही तर?"

"मंग काय? रोज वाटतं, आजच्या दिस खाऊ, उद्या ठिवू. कवळी कवळी समदी खाऊन व्हती आन् शेवटाला जी कीडकी ऱ्हाती ती बियाला ऱ्हाती."

मी ओट्यावर बसलो होतो, चढण चढून छाती धपापत होती, आणि मला एकदम सुनंदाच्या हातातली पुडी आठवली. पुढच्या मे महिन्यात नक्की. असे सत्तावीस मे मी कोवळे कोवळे खाऊन टाकले होते, कचेरीसाठी, बदल्यांसाठी, कधी नुसत्याच आळसासाठी. आणि शेवटाला जे उरलं होतं तेही पुण्याला धाडायला निघालो होतो. शिबिरात दोन दिवस बसून मी सात गोष्टींची यादी केली. पण त्यातल्या एकीलाही मी चिंधी बांधली नव्हती.

मग मी ठकूबाईंना सगळं खरं सांगितलं. मडकं, कोयता, चार पाणी, गोडा मसाला. त्या आता हसल्या नाहीत.

"समदं शिजीवलं?"

"सगळं."

"आन् हौसा काय बोलली?"

"काही नाही. शिजलंय तर टाकायचं नाही म्हणाल्या. सगळं खाल्लं."

आक्का गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "माजी आय बी आसंच बोलली आसती," म्हणाल्या आणि आत गेल्या. मडकं घेऊन आल्या. पण देण्याआधी मला सुपात दाणे निवडायला बसवलं. मी आपला सर्वांत टपोरे, चमकदार दाणे बाजूला काढत होतो. त्यांनी माझा ढीग बघून कपाळाला हात लावला. "नुसतं मोटं बगून काय हुतंय? ह्यो भोकाचा, ह्यो सुरकुतल्याला. आन् हे समदं एकाच वेलाचं हाय वाटतं. चार वेलांचं थोडं थोडं घ्यावं, म्हंजी एक दगावला तरी दुसरा तगतो."

निवडलेले दाणे लुगड्याच्या तुकड्यात घातले. वरून राख टाकायची होती आणि त्या काहीतरी पसरट शोधत होत्या. माझ्या खिशातून डोकावणारा लॅमिनेट केलेला कागद त्यांनी उपसला. "ह्ये चांगलं हाय, कडक हाय," म्हणत माझ्या आयुष्याच्या सात महत्त्वाच्या गोष्टींनी त्यांनी राख भरून घेतली आणि कागद झटकून परत माझ्या खिशात कोंबला. पुरचुंडी बांधायला दोरी नव्हती. माझ्या पॅंटीची लोंबणारी पट्टी त्यांनी फर्रकन फाडली आणि गाठ मारली.

"काही निरोप सांगू का?" मी विचारलं.

"सांग म्हनावं, मीठ बगून घाल."

परत

वहिनी दारातच उभ्या होत्या. मी पुरचुंडी पुढे केली. त्यांनी गाठ सोडली, दाणे तळहातावर घेतले, वास घेतला. "आक्कानं बाभळीची राख घातलीया. आमी आंब्याची घालायचो," असं म्हणाल्या, पण दाणे मुठीत घट्ट धरले होते. मग जरा वेळाने, इकडे तिकडे बघत, "काय बोलली?"

मला खोटं बोलायचा फार मोह झाला. पण आदल्या दिवसापासून माझ्या हुशारीवरचा माझा विश्वास उडाला होता. "म्हणाल्या, मीठ बघून घाल."

किसनने डोळे मिटून घेतले. वहिनींचा चेहरा आधी तापला, मग ओठाचा कोपरा हलला, आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता पदराने डोळे पुसले. "अजून तश्शीच हाय म्हातारी!"

निघताना त्यांनी त्यातले थोडे दाणे त्याच माझ्या पट्टीत बांधून माझ्या हातात ठेवले. मी मागे सरलो. एवढं केल्यावर मला कशाला?

"तुमालाच द्यायला पायजेल. उद्या आनी कुनी तुमच्यासारका पावना आला तर मागायला एक घर तरी पायजे."

घरी सुनंदाने माझी पॅंट पाहिली, भुवई पाहिली आणि राखेने काळा झालेला कागद पाहिला. "झाला का विचार?" तिने विचारलं. मी सगळं सांगितलं. सत्तावीस मे सांगितले. मग तिने तो कागद ओल्या फडक्याने पुसायला घेतला. मी म्हटलं, राहू दे, मला आता कुंडीत राख टाकायला तो लागणार आहे. कंत्राटदारांना दुसऱ्याच दिवशी फोन केला. हंगाम आहे, जमणार नाही, असं सांगितलं. कसला हंगाम, ते त्यांनी भीतीने विचारलं नाही.

गच्चीवर तीन कुंड्यांत वाल चढले. फुलं आल्यावर सुनंदाने आणि मी दोन संध्याकाळी भांडून एक वेल ठरवला आणि माझ्या पॅंटीची पट्टी त्याला बांधली. बाकीच्या शेंगा खाल्ल्या. दर संध्याकाळी चहा आम्ही त्या वेलापाशीच घेऊ लागलो. त्या चहालाही आता चिंधी बांधलेली आहे. त्या वेळी फोन वाजला तरी मी उचलत नाही.

मे महिन्याची वाट पाहिली नाही. फेब्रुवारीत, वाल वाळल्यावर, आम्ही दोघं उंबरदऱ्याला गेलो. भंडारदऱ्याला सुनंदा पाण्याकाठी बराच वेळ नुसती बसून राहिली आणि सत्तावीस वर्षांबद्दल चकार शब्द बोलली नाही. तिचे आभार मानायला मला अजून शब्द सापडलेले नाहीत.

किसनच्या घरी ओट्यावर ठकूआक्का बसलेल्या होत्या. हौसावहिनींनी माझे वाल सुपात ओतले. दोघी नणंदा-भावजयांनी डोकी एकत्र करून ते निवडले आणि मोठ्या आनंदाने त्यातले निम्म्याहून जास्त नापास केले. नापास दाण्यांची उसळ झाली, माझ्या गोड्या मसाल्यात. आक्कांनी पहिला घास घेतला. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"आळनी हाय," त्या म्हणाल्या. वहिनींनी मिठाचं भांडं त्यांच्यापुढे सरकवलं.

पास झालेल्या दाण्यांचे वहिनींनी तीन वाटे केले. एक स्वतःच्या मडक्यात टाकला, दुसरा आक्कांच्या ओटीत. तिसऱ्यासाठी मी हात पुढे केला. त्यांनी तो हात बाजूला सारला आणि वाटा सुनंदाच्या ओंजळीत ओतला.

"तुमी सांभाळा बाई," म्हणाल्या. "भाऊ चांगले हायेत, पन त्यांना भूक लागती."